गेटचा ओटीपी लाइव्ह करण्यापूर्वी

मुलुंडच्या एका गृहसंकुलासाठी पाहुण्यांना सहा अंकी कोड देणारे ॲप आमच्याकडे तपासणीला आले, तेव्हा कोड काढताना सीड (ज्यापासून रँडम आकडे काढायला सुरुवात होते तो आकडा; सीड तेच असेल तर कोडही तोच येतो) म्हणून सेकंदांतील वेळ दिलेली आढळली. सहा अंकांच्या दहा लाख शक्यता कागदावर भरभक्कम दिसतात. पण कोड कोणत्या तासात काढला एवढे कळले तरी सीड ३६०० च उरतात, आणि मिनिट कळले तर ६०. पाहुणे केव्हा आले हे तर वॉचमनच्या वहीतच लिहिलेले असते!

म्हणून सर्वप्रथम ॲपच्या संपूर्ण प्रोग्राममध्ये 'रँडम' (आकडे काढणारी सोय) शोधावे आणि ज्या आकड्यातून ओटीपी, सेशन टोकन (लॉगिन झालेल्याची ओळख सांगणारा गुप्त मजकूर), पासवर्ड बदलण्याची लिंक किंवा किल्ली (माहिती कुलूपबंद करणारा गुप्त आकडा) तयार होते, तेवढ्याच ओळींवर खूण करावी. लुडोच्या फाशांना हात लावण्याचे कारण नाही. खूण केलेल्या जागी पायथॉनमध्ये 'रँडम'ऐवजी 'सिक्रेट्स', जावामध्ये 'सिक्युअररँडम' वापरावे. पायथॉनचे नेहमीचे जनरेटर, म्हणजे आकडे काढण्याची पद्धत, मर्सेन ट्विस्टर आहे आणि त्याचे ३२ बिटांचे सलग ६२४ आकडे हाती आले की पुढचे सारे सांगता येतात. आकडे विखुरलेले दिसतात, सांख्यिकी चाचण्याही पार होतात, हा युक्तिवाद इथे कामाचा नाही.

त्यानंतर सर्व्हरवरच्या जुन्या किल्ल्या पाहाव्यात. हे काम कंटाळवाणे असल्याने नेमके तेच राहून जाते. डेबियन या लिनक्स प्रणालीमध्ये २००६ साली मेमरी तपासणाऱ्या साधनाची तक्रार थांबवण्यासाठी ओपनएसएसएल या किल्ल्या काढणाऱ्या सॉफ्टवेअरमधील दोन ओळी बाद केल्या गेल्या, आणि मे २००८ मध्ये दोष उघड होईपर्यंत किल्लीतील अनिश्चितता केवळ प्रोसेस क्रमांकापुरती (चालू प्रोग्रामला संगणक देतो तो क्रमांक), म्हणजे एका प्रकारच्या व लांबीच्या किल्लीसाठी सुमारे ३२ हजार शक्यतांपुरती उरली. पॅकेज अद्ययावत केल्याने जुनी किल्ली सुधारत नाही. ती नव्यानेच काढावी लागते. एकाच इमेजवरून (तयार सर्व्हरच्या साठवलेल्या प्रतीवरून) अनेक सर्व्हर उभे करत असाल, तर इमेजमध्ये किल्ली किंवा साठवलेले सीड राहिलेले नाही, हेही पाहावे.

कोडचा अंक काढताना एका बाइटला (० ते २५५ मधील आकड्याला) दहाने भागून बाकी घेतल्यास ० ते ५ हे अंक किंचित जास्त वेळा येतात, तेव्हा २५० पासूनच्या किमती टाकून द्याव्यात. शेवटी, जनरेटर कितीही चांगले असले तरी पाच चुकीच्या प्रयत्नांनंतर कोड रद्द होतो का, हे स्वतः गेटवर उभे राहून, मुद्दाम चुकीचे अंक दाबून पाहावे.