नोकरी गेली? मग निदान या चुका टाळा

कुठल्याही कंपनीतल्या कपातीची बातमी आली की पुढचे दोन आठवडे पुण्यातल्या रिक्रूटरचा फोन खाली ठेवता येत नाही. "ताई, सीव्ही पाठवू का?" हा समोरच्याचा पहिला प्रश्न असतो. "सीव्ही राहू दे, रिलीव्हिंग लेटर, म्हणजे जुन्या कंपनीने मोकळं केल्याचं पत्र, हातात आहे का?" हा माझा, रिक्रूटरचा. इथेच बहुतेकांची बोबडी वळते. हिंजवडीतला टेस्ट लीड असो की चाकणच्या लाइनवरचा क्वालिटी इन्स्पेक्टर, माणसं वेगळी, पगार वेगळे, पण घोळ तोच. वर्षानुवर्षं तोच घोळ निस्तरून कंटाळा आला, म्हणून एकदाचं लिहून काढते आहे.

मीटिंग रूममध्येच सही करून मोकळं होणं

सगळ्यात महागात पडणारी चूक ही, त्यामुळे हिच्यावर जरा जास्त बोलणार आहे.

बाणेरचा एक टेस्ट लीड, एकाच कंपनीत अकरा वर्षं. सकाळी कॅलेंडरवर 'क्विक कनेक्ट' नावाची मीटिंग आली. आत मॅनेजर, एचआर आणि टेबलावर आधीच टाइप केलेला राजीनामा: 'वैयक्तिक कारणांमुळे मी राजीनामा देत आहे.' एचआरचं म्हणणं, आज सही केलीत तर साडेचार लाखांचं पॅकेज, नाहीतर टर्मिनेशन लेटर देऊ, मग पुढची नोकरी मिळताना अडचण येईल. गड्याने वीस मिनिटांत सही केली. लॅपटॉप, आयकार्ड आणि कंपनीचं सिमकार्ड तिथेच जमा. संध्याकाळपर्यंत ईमेल बंद.

आता यातले खड्डे बघा.

ते साडेचार लाख. त्याचा मूळ पगार साठ हजार. ग्रॅच्युइटीचं गणित सरळ आहे: मूळ पगार आणि महागाई भत्ता, गुणिले १५, भागिले २६, गुणिले पूर्ण झालेली वर्षं. म्हणजे त्याचे ३ लाख ८० हजारांच्या वर तर ग्रॅच्युइटीचेच झाले. ती १९७२ च्या कायद्यापासून चालत आलेली हक्काची रक्कम आहे, पाच वर्षं भरली की द्यावीच लागते, आणि तीस दिवसांत. उरलेल्यात शिल्लक रजेचे पैसे होते. कंपनीने त्याचाच हक्क पाकिटात घालून त्यालाच भेट दिला आणि हा थँक्यू म्हणून बाहेर आला.

दुसरा खड्डा 'वैयक्तिक कारणांमुळे' हा. गृहकर्ज घेताना बँकेने त्याच्या गळ्यात नोकरी गेल्यास हप्ते भरणारा विमा मारला होता, हप्ता कर्जातच मिळवून. अशा विम्यात स्वतःहून दिलेला राजीनामा बसत नाही. दावा गेला. चाकण, भोसरीकडच्या वाचकांनी इथे कान टवकारा: ज्यांचा ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापला जातो, म्हणजे पगार २१ हजारांपर्यंत, त्यांच्यासाठी ईएसआयसीची अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना आहे. नोकरी गेल्यावर सरासरी वेतनाच्या निम्मी रक्कम, जास्तीत जास्त ९० दिवस, आयुष्यात एकदा. तिची मुदत वेळोवेळी वाढवली जाते, तेव्हा सध्या चालू आहे का ते शाखेत जाऊन विचारा. पण कागद 'मी स्वतःहून सोडली' असं बोलत असेल तर तिथेही दाव्याला खोट बसते.

तिसरा खड्डा सिमकार्डचा. पीएफच्या यूएएनला, म्हणजे नोकरी बदलली तरी तोच राहणाऱ्या पीएफ क्रमांकाला, जोडलेला मोबाइल नंबर कंपनीचा. ओटीपी जातो एचआरच्या ड्रॉवरमधल्या सिमवर. सॅलरी स्लिपा पोर्टलवर, पोर्टल बंद. कापलेल्या कराचा दाखला, फॉर्म १६, तिथेच. अप्रेझलची पत्रं तिथेच. पुढच्या कंपनीने शेवटच्या तीन महिन्यांच्या स्लिपा मागितल्या तेव्हा हा जुन्या एचआरला 'जेंटल रिमाइंडर' पाठवत बसला.

माझं म्हणणं सोपं आहे. त्या खोलीत कशावरही सही करायची नाही. भांडायचं नाही, रडायचं नाही, "मसुदा माझ्या वैयक्तिक ईमेलवर पाठवा, उद्या अकरापर्यंत कळवतो" एवढंच. एका रात्रीत कुणाचं पॅकेज आटत नाही. आटेल म्हणून सांगणारा एचआर स्वतःच्या टार्गेटच्या घाईत असतो. मसुदा आला की प्रत्येक रकमेसमोर लिहून मागा: ही नोटीस पे (नोटिशीच्या काळाचा पगार), ही ग्रॅच्युइटी, हे रजेचे पैसे, आणि वरची भरपाई किती. राजीनामाच द्यायचा ठरला तर कारणाच्या ओळीत 'कंपनीने पद रद्द केल्यामुळे' असं घालून मागा. मान्य होतंच असं नाही, पण मागायला काय जातं? तुम्ही कायद्याच्या भाषेत 'कामगार' असाल तर नोटीस आणि दर वर्षामागे पंधरा दिवसांच्या वेतनाची भरपाई हा वेगळा हक्क आहे, त्यासाठी कामगार आयुक्त कार्यालयाची पायरी चढा. आयटीवाल्यांसाठी पुण्यात नाइट्स ही संघटना आहे. वकिलाला तासाभराची फी द्यायला लोक का कचरतात हे मला आजतागायत कळलेलं नाही. तोच माणूस नोकरी गेल्याच्या दुःखात शनिवारी हॉटेलात त्याहून जास्त उडवतो.

आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू आहेत. वेतन संहितेनुसार काढून टाकल्यावर किंवा राजीनाम्यानंतर थकलेलं वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत द्यायचं असतं. फुल अँड फायनलला, म्हणजे शेवटच्या हिशेबाला, 'पंचेचाळीस दिवस लागतात' असं कुणी म्हणालं तर मेलमध्ये शांतपणे वेतन संहितेचं कलम १७ लिहा. मेलमध्येच. फोनवर नाही.

नोकरी आज सुखरूप असेल तरी हे वाचून झाल्यावर यूएएनचा मोबाइल नंबर तपासा आणि सॅलरी स्लिपा स्वतःच्या ईमेलवर घ्या. माझी सवय आहे, दर महिन्याच्या एक तारखेला स्लिप डाउनलोड. कंपनीची कागदपत्रं, कोड, क्लायंटची यादी मात्र उचलू नका, त्यावरून वेगळीच नोटीस येते.

आजच्या आज पीएफ काढणं

घाई नको. पाच वर्षांची सलग सेवा भरायच्या आत काढलेल्या पीएफवर कर लागतो (जुन्या कंपनीचं खातं नव्यात वर्ग केलं असेल तर ती वर्षं धरली जातात). नोकरी गेली म्हणून व्याजही लगेच थांबत नाही. पैसे काढण्याचे नियम बदलायचा निर्णय ऑक्टोबर २०२५ मध्ये पीएफ सांभाळणाऱ्या ईपीएफओच्या विश्वस्त मंडळाने घेतला आहे: ७५ टक्के लगेच, पूर्ण रक्कम बारा महिन्यांनी. तेव्हा अर्ज करण्याआधी पोर्टलवर आजची स्थिती बघा, मित्राने तीन वर्षांपूर्वी काय केलं होतं ते विचारू नका. पीएफ हा शेवटचा डबा. आधी एफडी मोडा, बँकेत जाऊन हप्त्यांबद्दल बोला. क्रेडिट कार्डावर नुसता 'मिनिमम ड्यू', म्हणजे बिलातली किमान रक्कम, भरत राहणं हा यातला सर्वात वाईट मार्ग, वर्षाला ३६ ते ४२ टक्के व्याज पडतं.

आरोग्य विमा विसरणं

कंपनीचा मेडिक्लेम साधारणपणे शेवटच्या दिवशीच संपतो, आई-वडिलांसकट. बाहेर पडायच्या आधीच त्याच विमा कंपनीकडे हा विमा वैयक्तिक पॉलिसीत बदलून मागा. आधी काढलेली वर्षं धरली गेली तर जुन्या आजारांसाठीची प्रतीक्षा, जी आता जास्तीत जास्त तीन वर्षं आहे, नव्याने सुरू होत नाही.

विकतचा अनुभव

ही माझी दुसरी दुखरी नस.

नाशिकची मुलगी, पहिल्या नोकरीत दोन वर्षं, मग टीमच बंद झाली. सहा-सात महिने काही जमेना. कुणीतरी तिला एका 'कन्सल्टन्सी'चा नंबर दिला: गॅप (नोकरी नसलेला काळ) भरून देतो, ऑफर लेटर, स्लिपा, पीएफसकट 'जेन्युइन एक्सपिरियन्स'. चाळीस हजार मोजले. इंटरव्ह्यू पास झाली, कारण मुलगी खरंच हुशार होती. हे मला अजून सलतं. रुजू झाली, हिंजवडी फेज टूला पीजी घेतली, ट्रेनिंग सुरू. सहाव्या आठवड्यात बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनचा अहवाल आला. कंपनीच्या पत्त्यावर एक बंद फ्लॅट. आणि यूएएनच्या सर्व्हिस हिस्टरीत एकाच महिन्यात दोन कंपन्यांचा पीएफ, कारण जुन्या खऱ्या कंपनीने नोटीस पे दिलेला महिना त्या कन्सल्टन्सीवाल्याने विचारलाच नव्हता. त्याच दुपारी तिचं आयकार्ड काढून घेतलं.

आता गंमत बघा. सहा महिन्यांची गॅप कुणालाही सांगता आली असती. खोटी माहिती दिल्याबद्दल झालेली हकालपट्टी मात्र सांगता येत नाही, आणि ती बनावट कंपनी तिच्या यूएएनला अजूनही चिकटलेली आहे, प्रत्येक नवा एचआर ती उघडून बघतो. चाळीस हजारांत तिने गॅप भरली नाही, कायमची नोंद विकत घेतली.

'ताई, सगळेच करतात' असं मला सांगणाऱ्यांना एकच विचारते: जे पकडले गेले ते तुम्हाला येऊन सांगतात का? गॅपबद्दल इंटरव्ह्यूत दोन वाक्यं पुरतात. "मार्चमध्ये आमचं पूर्ण युनिट बंद झालं, त्यात मी होते. त्यानंतर हे हे शिकले." पुढे गप्प बसा. जुन्या मॅनेजरची उणीदुणी काढायला लागलात की पॅनेलवरचे लोक घड्याळाकडे बघतात.

पाचशे अर्ज

'मी रोज पन्नास ठिकाणी अप्लाय करतो' हे अभिमानाने सांगू नका. एकाच कंपनीत चौदा पदांना अर्ज केलात तर ते चौदाही आम्हाला एका स्क्रीनवर, तुमच्या नावाखाली दिसतात. जावा डेव्हलपर, बिझनेस अ‍ॅनालिस्ट आणि ऑफिस अ‍ॅडमिन, तिन्ही तुम्हीच. एआयकडून लिहून घेतलेले सीव्ही तर आता वासावरून ओळखू येतात, सगळे 'परिणामाभिमुख' आणि कुणी काय केलं याचा पत्ता नाही.

उलट हातात असलेला हुकमी पत्ता कुणी खेळत नाही. आयटीत नव्वद दिवसांच्या नोटीस पिरियडमुळे आम्ही रिक्रूटर जेरीस आलेलो असतो; ऑफर घेऊन तीन महिने दुसऱ्या ऑफरा गोळा करणारे उमेदवार शेवटच्या दिवशी फोन उचलत नाहीत. उद्या येऊ शकणारा माणूस आम्हाला हवाच असतो. नोकरीच्या पोर्टलवर नोटीस पिरियडच्या रकान्यात 'इमिजिएट' टाका, सीव्हीच्या पहिल्या दोन ओळींत शेवटचा कामाचा दिवस लिहा. आणि जुन्या सहकाऱ्यांना मेसेज करा, पण 'कुठे काही असेल तर बघ' असा नव्हे. त्यांच्या कंपनीतल्या पदाचा जॉब आयडी शोधून, 'यासाठी रेफर करशील का' असा. तेवढं काम तुम्ही केलंत तर समोरचा पुढचं पाच मिनिटांत करतो.

उरलेल्या, थोडक्यात

घरी न सांगता रोज डबा घेऊन बाहेर पडणं. जुलै २०२५ मध्ये टीसीएससारख्या कंपनीने सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांच्या आसपास माणसं कमी करण्याचं जाहीर केलं, ते शेजारच्या काकांनीही पेपरात वाचलं. यात लपवण्यासारखं काही नाही, आणि रेफरल बहुतेक वेळा मेहुण्याच्या मित्राकडूनच येतं.

मिळालेल्या पैशांतून अमृततुल्यची फ्रँचायझी घेणं. चहाचा धंदा पहाटे पाचला उठणाऱ्यांचा आहे. आधी एक महिना कुणाच्या तरी दुकानात उभे राहा.

पहिल्याच आठवड्यात हप्त्यांवर दीड-दोन लाखांचा डेटा सायन्सचा कोर्स. पगार बंद असताना हप्ता सुरू करणाऱ्याला काय म्हणावं!

नोकरीसाठी कुणालाही पैसे देणं. लॅपटॉपचं डिपॉझिट, रजिस्ट्रेशन, 'रिफंडेबल' ट्रेनिंग फी, टेलिग्रामवरची टास्कं, सगळं फसवणुकीचंच. पैसे गेलेच तर लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन, दुसऱ्या दिवशी नाही.

अमेरिकेत एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर असलेल्यांनी हा लेख बाजूला ठेवून आधी इमिग्रेशनच्या वकिलाला फोन करावा. नोकरी गेल्यावर तिथे राहायला साधारणपणे जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात आणि ते नोकरी संपल्यापासून मोजले जातात.

आणि नोकरी मिळाल्यावरची एक: नव्या कंपनीला या आर्थिक वर्षातला जुना पगार न सांगणं. मग दोन्हीकडे मूळ सूट धरली जाते, कर कमी कापला जातो आणि रिटर्न भरताना फरक व्याजासकट खिशातून जातो. रुजू व्हायच्या दिवशी जे गठ्ठाभर फॉर्म देतात, त्यातच आधीच्या पगाराच्या माहितीचा एक असतो. तो कोरा सोडू नका.