सुयांवर तीन, वहीत चार

माझ्या सुयांवर सध्या तीन कामं आहेत: भाच्याचा निळा स्वेटर, एक त्रिकोणी शाल आणि मोज्यांच्या जोडीतला दुसरा मोजा. वहीत आणखी चार नंबर लावून बसली आहेत. दिवसभर मी लोकांचे हिशेब तपासते आणि घरी आल्यावर लोकरीचा हिशेब लिहिते, यावरून घरातले हसतात. हसू देत. एके काळी माझ्या सुयांवर नऊ कामं होती आणि वर्षभरात त्यातलं एकही धड पुरं झालं नव्हतं. त्यानंतर मी जी पद्धत लावून घेतली, ती सांगते.

एका वेळी तीनच कामं, आणि तिन्ही वेगळ्या जातीची. एक डोकं लागणारं, म्हणजे नक्षी मोजत विणायचं. एक नुसतं हात चालवायचं, गप्पा मारतानाही विणता येईल असं. आणि एक पर्समध्ये मावणारं, वाट बघण्याच्या वेळेसाठी. एकाच जातीची दोन घेऊ नका. नक्षीची दोन कामं असली की थकलेल्या संध्याकाळी दोन्हींकडे बघवत नाही, आणि मग आपण चौथं सुरू करतो.

प्रत्येक कामाची पिशवी वेगळी ठेवा आणि पिशवीत एक चिठ्ठी टाका. चिठ्ठीवर चार गोष्टी हव्यात: सुई किती मिलीमीटरची, टाके किती, शेवटची विणलेली ओळ कितवी आणि पुढच्या ओळीत काय करायचंय. सुईचा नुसता नंबर लिहू नका. जुन्या ब्रिटिश मापात ८ नंबरची सुई ४ मिमीची, अमेरिकन मापात ८ नंबरची ५ मिमीची. त्यातून ब्रिटिश मापात नंबर वाढला की सुई बारीक होते आणि अमेरिकन मापात जाड. मी एका मफलरचा अर्धा भाग एका सुईवर आणि अर्धा दुसऱ्या सुईवर विणलाय तो यामुळेच. अजून वापरते, पण एक टोक दुसऱ्यापेक्षा रुंद आहे.

आता निळा स्वेटर. तो मी चौदा महिने बाजूला टाकला होता, कारण त्याची सुई मला दुसऱ्या कामाला हवी होती. टाके एका जाड दोऱ्यावर ओवून ठेवले आणि चिठ्ठी लिहिली नाही. (ही पद्धत त्यानंतरची.) असं अर्धवट काम हातात घेताना आधी टाके सुईवर चढवू नका. टेबलावर पसरा आणि मोजा. एक ओळ सुलट, एक ओळ उलट अशी वीण असेल तर सुलट बाजूला इंग्रजी व्हीसारखी खूण दिसते. वरून खाली एकाच रांगेतल्या जितक्या खुणा तितक्या ओळी. सगळ्या ओळी सुलट असतील तर आडवे उंचवटे दिसतात आणि एक उंचवटा म्हणजे दोन ओळी. मग सुईचं माप शोधायला त्याच लोकरीचा छोटा तुकडा विणून बघा. दहा सेंटीमीटरमध्ये जुन्या कामाइतकेच टाके बसले की सुई सापडली. इतक्या महिन्यांत हातही सैल किंवा घट्ट झालेला असतो. पूर्वी ४ मिमीवर विणलेल्याशी जुळवायला मला या वेळी पावणेचार मिमीची सुई घ्यावी लागली.

तोवर भाचा वाढला होता. मुलाला उभं करून माप घेण्यापेक्षा त्याला सध्या नीट बसणारा एखादा जुना स्वेटर मागवून घ्या आणि तो सपाट पसरून मोजा. मुलं पोट आत ओढतात. रुंदीत मी सुरुवातीलाच सैलसर विणलं होतं, ते कामी आलं. उंचीला ५ सेंटीमीटर कमी पडत होते. माझ्या विणीत २८ ओळींना १० सेंटीमीटर होतात, म्हणजे १४ ओळी वाढवायच्या. काखेच्या खालीच काम थांबलं होतं म्हणून हे इतकं सोपं झालं. रुंदीतच कमी पडलं असतं तर सरळ उसवलं असतं. उसवलेली लोकर खुर्चीच्या पाठीवर गुंडाळून तिची लड करा, चार ठिकाणी सैल बांधा, कोमट पाण्यात भिजवा आणि टांगून वाळवा. वळ्या बऱ्याच निघून जातात.

चढवताना एक टाका सुटला आणि चार ओळी खाली घसरला. घाबरून पूर्ण ओळी उसवू नका. सुलट बाजू आपल्याकडे धरा. सुटलेला फास क्रोशाच्या सुईवर घ्या. त्याच्या वर शिडीसारखे आडवे धागे दिसतील. सगळ्यात खालचा धागा सुईच्या आकड्यात अडकवून फासातून पुढे ओढा, मग त्याच्या वरचा, असं चारदा. वर आलेला फास डाव्या सुईवर ठेवताना त्याचा उजवा पाय पुढे आहे ना तेवढं बघा, नाहीतर टाका पिळला जातो. दुरुस्त केलेला उभा पट्टा दोनचार दिवस सैल दिसतो. धुतल्यावर बसतो.

शाल हे माझं डोकं लागणारं काम. वरच्या मध्यापासून तीन टाक्यांनी सुरू होते आणि दर दोन ओळींना चार टाके वाढतात. त्रिकोणी शालीत सगळे एकाच ठिकाणी फसतात: लोकर पुरेल का? माझ्याकडे १०० ग्रॅमचा एकच गुंडा आहे. १२० ओळी झाल्यावर स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवला तर ५० ग्रॅम उरले होते. निम्मी लोकर उरली, म्हणजे आणखी १२० ओळी, असं वाटतं ना? नाही. खालची प्रत्येक ओळ वरच्यापेक्षा लांब असते. निम्मी लोकर संपते तेव्हा साधारण सत्तर टक्के ओळी झालेल्या असतात, म्हणजे मला मिळणार जेमतेम ५० ओळी. टाके बंद करायलाच काठाच्या लांबीच्या तीन-चार पट धागा जातो, त्यामुळे ५ ग्रॅम त्यासाठी बाजूला. मी १६० व्या ओळीला थांबायचं ठरवलंय.

साधा काटा एका ओळीचं वजन दाखवत नाही. चार ओळींच्या आधी आणि नंतर वजन करा आणि फरकाला चारने भागा.

जाळीची नक्षी असेल तर आणखी एक काम करा. दर पंधरा-वीस ओळींनी, जिथं टाके बरोबर मोजले आहेत तिथं, वेगळ्या रंगाचा गुळगुळीत दोरा सगळ्या टाक्यांतून ओवून ठेवा. वर चूक झाली तर सुई काढून बिनधास्त उसवा. दोऱ्यापाशी येऊन थांबतं. दात साफ करायचा मेणाचा दोरा यासाठी उत्तम. टाक्यांच्या खुणेची रिंग मात्र दोऱ्यात ओवू नका, अडकून बसते.

मोज्यांबद्दल फार नाही. ६४ टाके, अडीच मिमीच्या सुया. टाचेला निम्मे म्हणजे ३२ टाके आणि ३२ ओळी, प्रत्येक ओळीचा पहिला टाका न विणता उचलायचा, म्हणजे दोन्ही कडांना सोळा-सोळा मोठे फास तयार मिळतात. एवढंच सांगेन की पहिला मोजा ज्या रात्री बंद कराल, त्याच रात्री दुसऱ्याचे टाके घाला. पाच ओळी झाल्या तरी पुरे. रिकाम्या सुयांवर नवीन काम चढायला वेळ लागत नाही.

आता वहीतली चार. मैत्रिणीच्या होणाऱ्या बाळाची टोपी, नवऱ्यासाठी वेणीच्या विणीचा बिनबाह्यांचा स्वेटर, उरल्यासुरल्या लोकरीचं पांघरूण आणि माझ्यासाठी काळा स्वेटर. क्रम ठरवताना मी आवड बघत नाही. आधी तारीख असलेलं, मग ज्याची लोकर कपाटात आहे ते, मग ज्याची सुई मोकळी होणार आहे ते. म्हणून टोपी पहिली. नवजात बाळाच्या डोक्याचा घेर साधारण ३५ सेंटीमीटर असतो. टोपी त्याहून दोन-तीन सेंटीमीटर कमीच विणा, वीण ताणली जाते. लोकर मऊ आणि मशीनमध्ये धुता येणारी घ्या. केसाळ नको, तिचे तंतू बाळाच्या तोंडात जातात.

बिनबाह्यांच्या स्वेटरसाठी नमुन्याचा तुकडा विणायचा मला फार कंटाळा येतो, तरी विणते. कारण साधं गणित: १९८ टाक्यांचा घेर, १० सेंटीमीटरला २२ टाके बसले तर ९० सेंटीमीटर, २० च बसले तर ९९. नवरा एकच आहे, दोन्ही मापांत बसणार नाही. तुकडा निदान तीस टाक्यांचा घ्या आणि कडा सोडून मधलं मोजा. वेणीची वीण आडवी आकसते, म्हणून तुकडाही वेणीचाच हवा, साध्या विणीचा नाही. आणि धुवून, वाळवूनच मोजा. काही लोकरी पाण्यात गेल्यावर चांगल्याच पसरतात.

पांघरुणासाठी मी उरलेले गुंडे दोन पिशव्यांत वेगळे केलेत, खरी लोकर एकीकडे, ॲक्रिलिक एकीकडे. एकत्र विणून गरम पाण्यात धुतलं तर लोकर आटते, ॲक्रिलिक आहे तसंच राहतं आणि चौकोन वेडेवाकडे होतात. काळा स्वेटर सगळ्यात शेवटी. काळ्या लोकरीतले टाके मला दिव्याच्या उजेडात दिसत नाहीत, आणि माझी दिवसा सुट्टी फक्त रविवारी.

वेणीचा तुकडा आत्ता टॉवेलवर टाचण्या लावून वाळतोय. उद्या मोजेन. २२ च्या जागी २१ निघाले तर एक माप बारीक सुई घेऊन पुन्हा. तोवर मोज्याची टाच राहिलीय, ती घेते.