आधी मानस, मग सूत्र

फ्लुइड मेकॅनिक्सचा दाबाचा धडा मी आता फळ्यावर सुरू करत नाही. मुलांना गोव्यातल्या दिवाडी बेटावरच्या खाजनात, म्हणजे बांध घालून भरतीच्या पाण्यापासून राखलेल्या सखल शेतजमिनीत, नेते. भरती लागण्याच्या अर्धा तास आधी पोचा, वेळापत्रक आदल्या दिवशीच बघा. मानस म्हणजे बांधातली पाण्याची मोरी; तिचं लाकडी दार भरतीच्या पाण्याने आपोआप मिटतं. ते बघताना तुम्ही गप्प राहा; हे सर्वांत कठीण, मलाही दोन वर्षं लागली.

मग विचारा: दार एक मीटर रुंद, बाहेर दोन मीटर पाणी, आत कोरडं, तर जोर किती? अंदाज वहीत लिहून घ्या. उत्तर सुमारे १९.६ किलोन्यूटन, म्हणजे जवळपास दोन टनांचा भार. सूत्र त्यानंतर. चुकलेल्या अंदाजाचे गुण कापू नका. परतताना फेरीबोटीत वह्या अदलाबदल करून तपासायला लावा.