लैंगिक अत्याचारानंतर मूल सावरताना: आईवडिलांनी काय करायचं, काय टाळायचं

मूल सगळं एका दमात सांगत नाही. एखादं वाक्य टाकतं आणि तुमच्या चेहऱ्याकडे बघतं. बहुतेकदा अशा वेळी सांगतं की नजरेला नजर द्यावी लागू नये: गाडीत मागच्या सीटवरून, किंवा दिवा मालवल्यावर अंथरुणातून. तुमचा चेहरा सावरलेला दिसला तर पुढचं वाक्य येतं, नाहीतर विषय तिथेच मिटतो, कधीकधी वर्षानुवर्षं.

म्हणून आधी खाली बसा, मुलाच्या उंचीला या, आवाज हळू करा. एवढंच बोला: "सांगितलंस ते बरं केलंस. माझा तुझ्यावर विश्वास आहे. यात तुझी काहीच चूक नाही. आता काय करायचं ते मी बघते, आणि करण्याआधी तुला सांगते." शेवटचं वाक्य विसरू नका. अत्याचारात मुलाच्या अंगावरचा, बोलण्यावरचा आणि वेळेवरचा ताबा दुसऱ्याने हिसकावलेला असतो. तो थोडा थोडा परत देणं हेच पुढच्या सगळ्या महिन्यांचं काम आहे, आणि त्याची सुरुवात इथेच होते.

"कुणालाही सांगणार नाही" असं वचन देऊ नका. ते मोडावंच लागतं, आणि मोडलं की मुलाच्या लेखी तुम्हीही फसवणाऱ्यांत जमा होता. "त्याला जिवंत सोडणार नाही" हेही नको. मुलाला यातून एकच गोष्ट कळते: आपण बोललो म्हणून बाबा तुरुंगात जाणार. मग ते सांगितलेलं मागे घेतं. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ रोलंड समिट यांनी 1983 मध्येच हा क्रम मांडला होता: गुपित, हतबलता, अडकून पडणं आणि जुळवून घेणं, उशिरा व अडखळत सांगणं, आणि शेवटी "नाही, तसं काही झालं नव्हतं" म्हणणं. मुलाने शब्द फिरवला म्हणजे ते आधी खोटं बोललं, असा निष्कर्ष काढू नका. घरातल्यांची घालमेल बघूनही मुलं शब्द फिरवतात.

प्रश्न कमीत कमी विचारा. "मग काय झालं?" आणि "अजून काही सांगायचंय?" एवढे दोन पुरतात. "त्याने इथे हात लावला का?" अशा प्रश्नात उत्तर तुम्हीच पुरवता. तोच प्रश्न पुन्हा विचारला तर लहान मुलाला वाटतं की आधीचं उत्तर चुकलं, म्हणून ते बदलतं, आणि पुढे तपासात याच विसंगतीवर बोट ठेवलं जातं. मूल दुसरीकडे गेलं की तारीख, वेळ, तुमचा प्रश्न आणि मुलाचे शब्द जसेच्या तसे लिहून ठेवा. अवयवासाठी मुलाने बोबडा किंवा घरगुती शब्द वापरला असेल तर तोच लिहा. मोबाइलवर व्हिडिओ काढू नका. कॅमेऱ्यासमोर मूल अवघडतं, आणि क्लिप एकदा कुटुंबात फिरायला लागली की तुमच्या हातात राहत नाही. सविस्तर जबाब प्रशिक्षित व्यक्तीने, शक्यतो एकदाच घ्यावा, असा आग्रह धरा.

पहिले 72 तास

घटना ताजी असेल तर दवाखान्यात लगेच जा. एचआयव्हीचा संसर्ग टाळणारी औषधं 72 तासांच्या आत सुरू करावी लागतात. जितकी लवकर तितकी चांगली, आणि ती 28 दिवस घ्यायची असतात. पाळी सुरू झालेल्या मुलीसाठी तातडीच्या गर्भनिरोधक गोळीची मुदत 120 तासांची आहे, पण उशीर होईल तसा तिचा उपयोग कमी होतो. जाण्याआधी मुलाला अंघोळ घालू नका, अंगावरचे कपडे बदलू नका. बदलले असतील तर न धुता कागदी पिशवीत ठेवा. प्लास्टिकमध्ये ओल कोंडते, बुरशी येते आणि पुरावा खराब होतो. अंघोळ झालीच असेल तरी जा.

महिने उलटले असतील तरीही तपासणी करून घ्या. संसर्गाच्या चाचण्या होतात, कावीळ बी ची लस राहिली असेल तर ती देता येते. शिवाय "तुझं शरीर ठीक आहे" हे डॉक्टरांच्या तोंडून ऐकणं मुलासाठी मोठं औषध असतं. आपल्या आत काहीतरी कायमचं मोडलंय ही भीती मुलं बोलून दाखवत नाहीत, पण ती असते.

एक गोष्ट घरातल्या सगळ्यांना स्पष्ट सांगा. अत्याचार झालेल्या बहुतेक मुलांची शारीरिक तपासणी सामान्य निघते. अनेक प्रकारच्या अत्याचारांत जखम होतच नाही, आणि त्या भागातल्या जखमा लवकर भरतात. "काही सापडलं नाही" म्हणजे "काही झालं नाही" नव्हे. 'कौमार्य तपासणी' कुणी सुचवली तर सरळ नकार द्या. तिला वैद्यकीय आधार नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेने 2018 मध्ये जाहीरपणे सांगितलं आहे.

तपासणीच्या खोलीत सोबत कोण थांबणार हे मुलाला ठरवू द्या. "थांब म्हणालास की डॉक्टर थांबतील" असं आधी डॉक्टरांशी बोलून ठरवा आणि मग मुलाला सांगा. धरून, दाबून केलेली तपासणी मुलासाठी त्याच अनुभवाची पुनरावृत्ती ठरते.

अत्याचार करणाऱ्या व्यक्तीशी संपर्क पूर्ण तोडायचा: फोन, भेटवस्तू, निरोप, नातेवाइकांच्या घरची गाठभेट, सगळं. ती व्यक्ती बहुतेकदा ओळखीची किंवा नात्यातली असते, त्यामुळे हीच पायरी सगळ्यात जड जाते. "एकदा माफी मागू दे" असा दबाव येईल. मुलासमोर माफीनामा घडवू नका. तिथे मुलाला मोठ्यांची सोय बघून "ठीक आहे" म्हणावं लागतं. तक्रार कुठे आणि किती मुदतीत करायची याचे नियम देशागणिक वेगळे आहेत. बाल संरक्षण यंत्रणा किंवा हेल्पलाइनकडून ते पहिल्याच दिवशी समजून घ्या.

घर

आता कंटाळवाणं वाटेल असं काम. उठणं, जेवण, शाळा, झोप यांच्या वेळा ठरलेल्या ठेवा. हादरलेल्या मेंदूला पुढच्या तासात काय होणार हे आधी कळणं हाच मोठा दिलासा असतो. बदल असेल तर आदल्या दिवशी सांगा. दया येऊन सगळे नियम सैल करू नका. नियम एकाएकी गळून पडले की मुलाला वाटतं, आपलं काहीतरी फारच बिघडलंय.

त्याच वेळी छोटे निर्णय त्याच्या हातात द्या: कोणता शर्ट, दार उघडं की बंद, आधी गृहपाठ की आधी खेळ. मिठी मारण्याआधी विचारा आणि "नको" आलं तर चेहरा न पाडता मान्य करा. पाहुण्यांना पापा देण्याची सक्ती बंद, आजीआजोबांनाही. अंघोळ, कपडे बदलणं, डॉक्टर, केस कापणं, जिथे जिथे अंगाला हात लागतो तिथे आधी काय करणार ते सांगून मग हात लावा.

झोप बिघडतेच. मंद दिवा, दार किलकिलं, आणि तुम्ही कुठे असाल हे नेमकं सांगणं: "मी बाहेरच्या खोलीत आहे, दहा मिनिटांनी डोकावते." आणि दहा मिनिटांनी खरंच डोकवा. तेच स्वप्न पुन्हा पुन्हा पडत असेल तर दिवसाउजेडी ते चित्रात काढायला सांगा आणि शेवट मुलाला हवा तसा बदलू द्या. दाराला मोठं कुलूप लागेल, कुत्रा येईल, काहीही. तो नवा शेवट झोपण्याआधी रोज एकदा मनात चालवायचा. मुलाला चित्र काढायचं नसेल तर मागे लागू नका. गादी ओली झाली तर चादर बदला, विषय संपला. सुटलेली सवय परत आली म्हणून रागावणं, चिडवणं किंवा संध्याकाळपासून पाणी तोडणं, यातलं काहीही करू नका.

एखाद्या वासाने, आवाजाने, विशिष्ट गाडीने मूल थिजलं किंवा बिथरलं तर त्या क्षणी समजावून उपयोग नाही, ऐकून समजून घेणारा मेंदू तेव्हा जवळजवळ बंद असतो. समोर बसा आणि म्हणा, "आत्ता तू घरी आहेस. मी इथे आहे." मग दिसणाऱ्या पाच वस्तू, हाताला लागणाऱ्या चार, ऐकू येणारे तीन आवाज, दोन वास, एक चव. श्वास चार आकडे आत, सहा आकडे बाहेर. याची रंगीत तालीम मूल शांत असताना रोज दोन मिनिटं करा, कारण घाबरलेल्या क्षणी नवीन काही शिकता येत नाही. शांत झाल्यावर काय कशामुळे झालं ते वहीत टिपा. दोन आठवड्यांत ठरावीक कारणं दिसायला लागतात.

काही मुलं बाहुल्यांशी किंवा इतर मुलांशी लैंगिक वागणूक करतात. आईवडील इथे सगळ्यात जास्त गडबडतात, आणि ओरडतात. ते शिकलेलं वागणं आहे, दुष्टपणा नाही. सपाट आवाजात सांगा: "आपल्या खासगी अवयवांना दुसऱ्याने हात लावायचा नाही, आणि आपणही दुसऱ्याच्या लावायचा नाही. चल, आपण हे खेळू." मग लक्ष दुसरीकडे वळवा. काही महिने इतर मुलांसोबत असताना मोठ्या माणसाची नजर हवी, आणि झोपण्याची जागा वेगळी.

अपराधीपणा वेगवेगळ्या रूपांत येतो. "मी ओरडलो का नाही?" यावर: "घाबरल्यावर शरीर कधीकधी दगडासारखं होतं. ते आपण ठरवत नाही." शरीराने प्रतिसाद दिला म्हणून मुलग्यांना, आणि मुलींनाही, आपली संमती होती असं वाटत राहतं. त्यांना सांगा, गुदगुल्या नको असल्या तरी हसू येतंच. शरीर आपोआप वागतं, त्याचा अर्थ आपल्याला ते हवं होतं असा होत नाही. आणि त्या माणसाची आठवण येते, असं मूल म्हणालं तर दचकू नका. त्याने आधी खेळणी, लाड, वेळ देऊनच जवळीक साधलेली असते. "त्याने दिलेला वेळ तुला आवडायचा. त्याने केलं ते मात्र चूक होतं." दोन्ही गोष्टी एकाच दमात खऱ्या आहेत.

भावंडांना वयानुसार थोडक्यात सांगा: कुणीतरी तिला त्रास दिला, आता ती सुरक्षित आहे, तपशील तिचे आहेत. शाळेत एकाच विश्वासू शिक्षकाला, तेही मुलाला विचारून आणि आवश्यक तेवढंच.

उपचार

पहिल्या महिन्यात भीती, चिडचिड, चिकटून राहणं अपेक्षित आहे. महिन्यानंतरही टिकलं किंवा वाढलं तर थांबू नका. मुलांसाठी सर्वाधिक अभ्यासलेली पद्धत म्हणजे आघात-केंद्रित सीबीटी, म्हणजे आघाताशी जोडलेले विचार, भावना आणि वागणं यांवर काम करणारा बोलण्यातून होणारा उपचार. जुडिथ कोहेन, अँथनी मॅनारिनो आणि एस्थर डेब्लिंजर यांनी ती बसवली. 3 ते 18 वयासाठी, साधारण 12 ते 16 सत्रं, गुंतागुंत असेल तर जास्त. यात पालकांचीही सत्रं असतात. समुपदेशकाला थेट विचारा: आघात झालेल्या मुलांसोबत कामाचं प्रशिक्षण कुठलं? पालकांना कसं सामील करता? "विसरून जा, पुढे बघ" एवढंच सांगणारा किंवा पहिल्याच दिवशी सगळं वदवून घेणारा, दोघेही नकोत.

मध्यावर, मूल आपली हकिकत मांडायला लागतं तेव्हा, एकदोन आठवडे झोप पुन्हा बिघडू शकते. नेमकं इथेच पालक उपचार सोडतात. सोडण्याआधी समुपदेशकाशी बोला, वेग कमी करता येतो. सत्रात काय झालं हे घरी येताना खोदून विचारू नका.

मरणाची भाषा, स्वतःला इजा करणं, खाणं टाकणं, घरातून निघून जाणं यापैकी काही दिसलं तर त्याच दिवशी तज्ज्ञ गाठा. "मरावंसं वाटतं का?" हे स्पष्ट विचारा, विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही. घरातली औषधं, कीटकनाशकं, धारदार वस्तू कुलपात ठेवा आणि मुलाला एकटं सोडू नका.

तुमचं रडू मुलाने पाहिलं तर सांगा, "मला वाईट वाटतंय ते तुझ्यामुळे नाही." पण सगळं त्याच्यासमोर मोकळं करू नका, मग ते तुम्हाला जपायला लागतं आणि स्वतःचं बोलणं थांबवतं. त्यासाठी एक मोठं माणूस किंवा स्वतःचा समुपदेशक हवा. लहानपणी तुमच्यासोबतही असं घडलेलं असेल तर तो नक्कीच हवा.

शांत गेलेल्या दोनतीन वर्षांनंतर जुनं पुन्हा वर येऊ शकतं: वयात येताना, पहिल्या प्रेमात, कोर्टाची तारीख लागली की, किंवा ते मूल अत्याचारावेळी ज्या वयाचं होतं त्या वयाला धाकटं भावंड पोहोचलं की. वाढत्या समजेबरोबर जुन्या घटनेचा नवा अर्थ लागतो, म्हणून हे होतं. अशा वेळी दोनचार सत्रं पुन्हा घेतली की बहुतेकदा भागतं. जुन्या समुपदेशकाचा नंबर, औषधांचे कागद आणि कारणं टिपलेली ती वही जपून ठेवा.