पडद्यावर चित्र येतं, प्रोजेक्टर मात्र ऐकत नाही: फायबर मॅट्रिक्सवरून आरएस-२३२ कमांड पाठवताना या चुका टाळा

चित्र पोचलं म्हणजे कमांडही पोचली, ही समजूत या कामात सगळ्यांत महागात पडते. नाशिकमधल्या गंगापूर रोडवरच्या एखाद्या कॉलेजचं सभागृह घ्या किंवा अंबड-सातपूरच्या कारखान्यातला ट्रेनिंग हॉल. मॅट्रिक्स स्विचर (कोणत्याही इनपुटचं चित्र हव्या त्या आउटपुटवर पाठवणारा डबा) रॅकमध्ये, प्रोजेक्टर छताला, मधे फायबर, म्हणजे काचेच्या धाग्याची केबल. लॅपटॉप लावला की चित्र झकास येतं. कंट्रोल पॅनलवर ‘प्रोजेक्टर ऑफ’ दाबलं की काहीच होत नाही. मग लगेच प्रोजेक्टरच्या कंपनीला फोन जातो, आणि तिथेच दिवस वाया जायला सुरुवात होते.

फायबर घालायचं कारण बहुतेक वेळा अंतर असतं. आरएस-२३२, म्हणजे उपकरणांना कमांड देण्याची सिरियल जोडणी, तांब्याच्या तारेवर साधारण १५ मीटरपर्यंतच भरवशाचं मानतात. दुसरं कारण अर्थिंगचं. दोन इमारतींचं अर्थिंग वेगळं असेल, तर लांब तांब्याच्या तारेवरून सिरियल पोर्ट जळण्याची भीती असते, पावसाळ्यात विजा कडाडतात तेव्हा तर जास्तच. काचेतून वीज वाहत नाही, म्हणून लॉन्स किंवा मोठ्या कॅम्पसच्या कामात सिरियल फायबरवरून नेणं हाच शहाणपणा. पण फायबरवर गेल्यावर सिरियलचा रस्ता चित्रापेक्षा वेगळा होऊ शकतो, हे डोक्यात पक्कं हवं.

चित्र एकाच दिशेनं जातं: मॅट्रिक्सकडून प्रोजेक्टरकडे. कमांड त्याच दिशेनं जाते, पण उत्तर उलट यायला लागतं. काही ट्रान्समीटर-रिसिव्हर जोड्या (फायबरच्या दोन टोकांचे डबे) एकाच धाग्यावर चालतात आणि त्यात परतीचा रस्ताच नसतो. अशा ठिकाणी प्रोजेक्टर बंद होतो, पण ‘बंद झालो’ हे कंट्रोल सिस्टिमला कळत नाही. ती तीच कमांड पुन्हा पुन्हा पाठवत बसते. दोन धाग्यांच्या जोडीत गंमत वेगळी. जाणारा धागा स्वच्छ असतो, येणाऱ्या धाग्याच्या एलसी कनेक्टरवर (फायबरच्या टोकाचा छोटा प्लग) धूळ बसलेली असते. चित्राला काही होत नाही, उत्तरं मात्र मधूनमधून गायब. म्हणून कनेक्टर लावण्याआधी क्लिनिंग पेन फिरवा आणि न वापरलेल्या टोकांवर टोपी राहू द्या. छतात ड्रिलिंग चालू असताना उघडं ठेवलेलं टोक नंतर हमखास त्रास देतं.

फायबरमध्ये प्रकाश सोडणारं मॉड्यूलही तपासा. पिवळ्या जॅकेटची सिंगल मोड केबल आणि ८५० नॅनोमीटरचं मल्टी मोड मॉड्यूल, ही जोडी चालायची नाही.

आता मॅट्रिक्सच्या आतला रूटिंगचा घोळ. इथे मी जरा थांबतो, कारण ‘कधी चालतं, कधी नाही’ या तक्रारींचं मूळ बऱ्याचदा इथेच असतं. काही मॅट्रिक्समध्ये सिरियल चित्राच्या मागे जातं: इनपुट २ आउटपुट ५ ला जोडलं की इनपुट २ च्या सिरियल पोर्टवरची कमांड आउटपुट ५ कडे जाते. ऑपरेटरनं कार्यक्रमाच्या मधेच कॅमेरा इनपुट निवडला की तुमचा कंट्रोल रस्ता तुटला. काहींमध्ये सिरियलचं रूटिंग चित्रापासून अलग ठेवता येतं. स्थिर कामासाठी तेच निवडा आणि प्रत्येक प्रोजेक्टरचा रस्ता कायमचा बांधून टाका. तिसरा प्रकार म्हणजे कंट्रोल सिस्टिम लॅनवरून मॅट्रिक्सशी बोलते आणि मॅट्रिक्स ती कमांड ठरावीक आउटपुटच्या फायबरमध्ये घालतो. हा प्रकार मला सगळ्यांत सरळ वाटतो. मात्र तो मोड पोर्टनिहाय चालू करावा लागतो, नाहीतर मॅट्रिक्स कमांड निमूटपणे टाकून देतो.

एक इनपुट चार आउटपुटना जोडलं तर चित्र चौघांना मिळेल. पण चार प्रोजेक्टर एकाच वेळी उत्तर द्यायला लागले की उत्तरांची खिचडी होते. ‘सगळे चालू करा’ असं बटण हवं असेल, तर चार वेगळ्या कमांड एकामागोमाग पाठवा.

बॉड रेटबाबत, म्हणजे सिरियलच्या वेगाबाबत, अर्धवट माहितीवर बरंच चालतं. काही फायबर संच तारेवरची चढउतार जशीच्या तशी पलीकडे नेतात, त्यांना बॉड रेट सांगावाच लागत नाही. बाकीचे प्रत्येक अक्षर वाचतात, पाकिटात भरतात आणि पलीकडे पुन्हा तयार करतात. या दुसऱ्या प्रकारात मॅट्रिक्सचा पोर्ट, रिसिव्हर आणि प्रोजेक्टर, तिन्हीकडे सेटिंग जुळायला हवं. ९६०० बॉड, ८ डेटा बिट, पॅरिटी नाही, १ स्टॉप बिट हे खूपदा दिसतं. पण गृहीत धरू नका, मॅन्युअल उघडा. या सेटिंगला एका अक्षराला साधारण १ मिलिसेकंद लागतो. पाकिटं करताना अक्षरांमध्ये थोडी फट पडली, तर काही उपकरणं कमांड अपुरी समजून सोडून देतात. फ्लो कंट्रोल (‘आता पाठव, आता थांब’ असं सांगणारी सोय) बंद ठेवा: तीनच तारा नेल्या असतील तर त्यासाठी लागणारे आरटीएस-सीटीएस हे इशारे पलीकडे पोचतच नाहीत.

तपासणीची सगळ्यांत उपयोगी रीत म्हणजे लूपबॅक: पाठवलेलं अक्षर फिरून परत येतं का ते बघणं. प्रोजेक्टरच्या टोकाचा नऊ पिनांचा डीबी-९ प्लग काढा, त्याच्या २ आणि ३ नंबरच्या पिना तारेच्या तुकड्यानं जोडा. रॅककडे लॅपटॉपवर पुटी हा टर्मिनल प्रोग्राम उघडा, लोकल इको (टाइप केलेलं अक्षर स्वतःच दाखवणं) बंद करा आणि अक्षर टाइप करा. तेच अक्षर स्क्रीनवर परत आलं तर जाण्या-येण्याचा पूर्ण रस्ता शाबूत आहे. नाही आलं तर तोच जोड रिसिव्हरच्या स्क्रू टर्मिनलवर करून बघा. अर्धा-अर्धा रस्ता वगळत गेलात की दोष कोणत्या तुकड्यात आहे ते लवकर सापडतं.

पण लूपबॅक यशस्वी झालं म्हणून शिडी आवरू नका. २ आणि ३ उलट जोडल्या असतील तरी ही चाचणी पास होते, कारण दोन्ही तारा एकमेकींनाच जोडल्या आहेत! इथे मल्टिमीटर लागतो. केबल सुटी ठेवून दोन्ही उपकरणांवर पिन ५ म्हणजे ग्राउंडच्या तुलनेत २ आणि ३ मोजा. पाठवणारी पिन शांत असताना ऋण व्होल्टेज दाखवते, बहुधा उणे ५ ते उणे १२ च्या आसपास. घेणारी पिन शून्याच्या जवळ असते. एकाची पाठवणारी पिन दुसऱ्याच्या घेणाऱ्या पिनला मिळाली पाहिजे. सरळ केबल की क्रॉस केबल, हा वाद घालण्यापेक्षा मीटर लावणं बरं.

तारा बरोबर, लूपबॅक बरोबर, तरी प्रोजेक्टर गप्प? आता कमांडकडे बघा. मॅन्युअलमध्ये कमांडच्या शेवटी सीआर लिहिलेलं असतं, म्हणजे कॅरेज रिटर्न, हेक्समध्ये (सोळाच्या पटीतल्या आकड्यांत) ०डी. काहीजण ‘सी’ आणि ‘आर’ ही दोन अक्षरंच टाइप करतात. हेक्स कमांड साध्या अक्षरांत पाठवणं हीसुद्धा नेहमीची चूक. पीडीएफमधून कॉपी केलेल्या ओळीत तिरपी अवतरणचिन्हं शिरतात, तीही हातानं बदला.

प्रोजेक्टरच्या मेन्यूत शिरून दोन गोष्टी बघाच. कंट्रोल लॅनवर ठेवलं आहे की सिरियलवर, आणि स्टँडबाय कोणता आहे. वीज वाचवणाऱ्या स्टँडबायमध्ये काही मॉडेल सिरियल पोर्टच बंद करतात. मग ‘ऑफ’ चालतं आणि ‘ऑन’ कधीच चालत नाही. दिवा तापताना किंवा पंखा थंड करत असतानाही कमांड नाकारली जाते, तेव्हा प्रोग्राममध्ये पुरेशी थांबण्याची वेळ ठेवा.

मॅट्रिक्सचं फर्मवेअर अपडेट करण्याआधी कॉन्फिगरेशनची फाइल काढून घ्या. अपडेटनंतर पोर्टचे मोड आणि बॉड रेट मूळ पदावर गेलेले असू शकतात, आणि चित्र तेव्हाही व्यवस्थितच दिसत असतं. कोणत्या आउटपुटवर कोणता प्रोजेक्टर, कोणता बॉड रेट, कोणता फायबर धागा, हे छापून रॅकच्या दाराला आतून चिकटवा. पुढच्या वेळी दुरुस्तीला येणारा माणूस बहुधा दुसराच असतो.