‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे थोडा पाऊस नव्हे : लासलगाव-निफाड पट्ट्यातल्या कांदा काढणीसाठी

आखाजी (अक्षय्य तृतीया) जवळ आली की आपल्याकडे दोन गोष्टी एकदमच सुरू होतात. उन्हाळ कांद्याच्या माना पडायला लागतात (पात मानेशी वाकून आडवी होते) आणि दुपारनंतर आभाळ भरून यायला लागतं. मजुरांच्या टोळ्या मिळत नाहीत, भावाचा नेम नसतो, त्यात मोबाइलवर रोज कुणीतरी ‘उद्या भयंकर गारपीट’ फिरवत असतं. ते फिरवाफिरवीचे संदेश सोडून द्या. नाशिक जिल्ह्याचा कृषी हवामान सल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी निघतो, पुढच्या पाच दिवसांचा अंदाज धरून. इगतपुरीचं विभागीय कृषी संशोधन केंद्र तो तयार करतं, ‘मेघदूत’ अ‍ॅपवर मराठीत वाचता येतो. टोळीला तारीख द्यायची ती हा सल्ला वाचून.

वाचताना मात्र एक चूक आपण सगळेच करतो. ‘तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह पाऊस’ असं दिसलं की म्हणतो, चला, थोडाच आहे. पण तुरळक हा शब्द पावसाच्या जोराचा नाही, जागेचा आहे. शंभरातल्या पंचवीस किंवा त्याहून कमी पाऊस मोजणाऱ्या केंद्रांवर पाऊस पडेल, एवढाच त्याचा अर्थ. ‘काही ठिकाणी’ म्हणजे निम्म्यापर्यंत, ‘बऱ्याच ठिकाणी’ म्हणजे पाऊण हिश्शापर्यंत. ज्याच्या वावरावर ढग फुटेल त्याला काही तो तुरळक पडत नाही. मी स्वतः हा शब्द वाचून अर्धा एकर काढलेला कांदा उघडा ठेवला होता. विंचूरकडे रस्ते कोरडे होते आणि आमचे वाफे तासाभरात तुंबले.

हवामान खात्याच्या इशाऱ्यांच्या रंगांचंही तसंच. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे हातातलं काम सोडून आधी बचावाचं बघा. पण हा रंग अख्ख्या जिल्ह्याला असतो, आणि आपला जिल्हा सुरगाण्यापासून येवल्यापर्यंत पसरलेला. म्हणून दुपारी दोन-अडीचला पुढच्या तीन तासांचा इशारा बघायची सवय लावा. पाच दिवसांच्या अंदाजावर टोळी ठरवावी, तीन तासांच्या इशाऱ्यावर ताडपत्री ओढावी.

आभाळही सांगतंच. सकाळपासून अंग चिकट होणारा उकाडा, अकरा-बाराला फुलकोबीसारखे वर वर चढणारे ढग, आणि तीन-चारच्या सुमारास त्यांचा माथा ऐरणीसारखा सपाट पसरला, की समजावं ढग पिकला. तापलेल्या जमिनीवरची दमट हवा उसळून बारा-पंधरा किलोमीटर उंच जाते. तिथल्या गारठ्यात थेंब गोठतात, हवेच्या झोताने तरंगत राहतात, थरावर थर चढतो आणि पेलवेनासं झालं की गारा खाली येतात. पावसाने गार झालेली हवाही त्यांच्याबरोबर कोसळते आणि जमिनीवर आपटून चहूकडे धावते. धुळीची भिंत आणि अचानक गार वारा येतो तो हाच. तो अंगाला लागल्यावर हातात पाच-दहा मिनिटं असतात, कधी तेवढीही नाही. भर दुपारी कोरड्या वावरात फिरणाऱ्या वावटळीचा याच्याशी संबंध नाही, तिला घाबरून काम थांबवायला नको.

आता मुद्द्याचं. संध्याकाळी जेवढा कांदा झाकता येईल तेवढाच सकाळी उपटायचा. टोळी मिळालीय म्हणून दोन एकर एकदम मोकळे करण्याचा मोह इथेच आवरा. उभा कांदा पावसाने भिजला तरी काही दिवसांत सावरतो, उपटून पसरलेला भिजला की साठवणुकीच्या चाळीतून गेलाच समजा. निम्म्याअधिक माना पडल्या की काढणी धरा, पाणी त्याआधी दोन-तीन आठवडे तोडलेलं असू द्या.

काढलेल्या कांद्याची पोळ (ढीग) घालायची ती वावरातल्या उंचवट्यावर, भोवती वीतभर चर काढून. कांदा आत, पात बाहेर. झाकायच्या कागदाच्या, म्हणजे ताडपत्रीच्या, कडांवर नुसते दगड ठेवले तर वारा एका कोपऱ्यातून शिरतो आणि कागद शिडासारखा फुगतो. मातीने अर्ध्या भरलेल्या गोण्या सलग लावा. आणि दुसऱ्या दिवशी ऊन पडल्याबरोबर कागद काढा. चाळिशीच्या उन्हात झाकलेल्या पोळीला आतून घाम सुटतो. कागदाच्या खालच्या बाजूला हात फिरवा, तळवा ओला होतो. पाऊस न पडताही कांदा सडतो तो असा.

भिजलाच तर चाळीत भरायची घाई करू नका. सावलीत पातळ पसरा, मान पूर्ण सुकू द्या, पात कापताना इंचभर नाळ ठेवा. मऊ पडलेला, मार लागलेला वेगळा करून लगेच विका, पडत्या भावात गेला तरी चालेल. उभ्या पिकाची पात गारांनी फाटली आणि काढणीला आठवडाच उरला असेल, तर फवारणीवर पैसे घालण्यात मला अर्थ दिसत नाही.

विजेच्या बाबतीत मात्र तडजोड नको. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं ‘दामिनी’ अ‍ॅप आसपासच्या विजांचा इशारा देतं, टोळीच्या मुकादमाच्या फोनवरही घालून द्या. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत मोजा. तीन सेकंदांना साधारण एक किलोमीटर धरायचा. मोजणी तिसाच्या आत आली की बाया-माणसांना पक्क्या घरात किंवा बंद गाडीत न्या. बाभळीखाली, आंब्याखाली, तारेच्या कुंपणाजवळ, पोळीच्या कागदाखाली कुणी थांबायचं नाही. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास जाऊ द्या. वीज पडलेल्या माणसाच्या अंगात करंट राहत नाही, हात लावायला भिऊ नका. श्वास थांबला असेल तर छाती दाबायला लागा आणि १०८ला फोन करा.

नुकसान झालं तर साफसफाईआधी फोटो काढा, बांध आणि गट दिसतील असे, आणि त्याच दिवशी तलाठी (आताचे ग्राम महसूल अधिकारी) व कृषी सहायकाला (आताचे सहायक कृषी अधिकारी) कळवा. पीकविम्याचे नियम २०२५च्या खरिपापासून बदललेत, गेल्या वेळच्या अनुभवावर विसंबू नका. ताडपत्रीला भोकं असतील तर ती आजच डकवून घ्या, पहिल्या वादळानंतर लासलगावात कागद चढ्या भावाने घ्यावा लागतो.