पितृपक्षात पाहिली, घटस्थापनेला घेतली: जुनी हिमालयन घेताना

कराडला माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. दिवसभर विहिरीवरच्या मोटारी उघडायच्या, बेअरिंगचा आवाज ऐकायचा, तांब्याची तार भरायची. २०२४ च्या पावसाळ्यात मनाशी ठरवलं की लांबच्या फिरण्यासाठी रॉयल एनफिल्डची जुनी हिमालयन घ्यायची, ४११ सीसीची. दोन महिन्यांत सात गाड्या पाहिल्या आणि सातवी घेतली. सगळ्यांत स्वस्त ती नव्हती, पण पहिल्या महिन्यात तिला किती खर्च येणार हे मला घेण्याआधीच पैशापैशानं माहीत होतं. जुन्या गाडीचा सौदा चांगला की वाईट, हे मी त्यावरूनच ठरवतो.

आधी वेळ साधा. लडाख-स्पितीला फिरायला गेलेली मंडळी सप्टेंबरात परत येतात आणि त्यातल्या काहींना गाडी विकायची असते. दसऱ्याला नवी घ्यायची म्हणून जुनी मोकळी करणारेही याच सुमाराला बाहेर पडतात. आणि मधे येतो पितृपक्ष. त्या पंधरवड्यात आपल्याकडे गाडी घ्यायला सहसा कोणी जात नाही, त्यामुळे विकणाऱ्याचा फोन शांत असतो. गाड्या बघायला, भाव बोलायला हेच दिवस सोन्यासारखे. आई म्हणाली, “बघून ये, बोलून ये, पण इसार आत्ता देऊ नकोस.” मी तिचं ऐकलं. भाव पितृपक्षात ठरला, पैसे घटस्थापनेला दिले.

कोणतं मॉडेल? हिमालयन २०१६ ला आली ती कार्ब्युरेटरवर. २०१७ ला प्रदूषणाच्या बीएस-४ नियमांबरोबर फ्युएल इंजेक्शन आलं, २०१८ ला एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाक अडकू न देणारी सोय. २०२० च्या बीएस-६ गाडीत मागच्या चाकाचं एबीएस बंद करायची सोय आहे, कच्च्या उतारावर ती कामाला येते. नोव्हेंबर २०२३ मध्ये हिमालयन ४५० बाजारात आली आणि ४११ बंद झाली, त्यामुळे बाजारात जुन्या ४११ भरपूर आहेत. माझं मत विचाराल तर २०१९ च्या पुढची पाहा. केटीएम ३९० अॅडव्हेंचर वेगाला भारी, पण तिच्या जुन्या मॉडेलची सीट ८५५ मिलिमीटरवर. माझे पाय तिथून धड टेकत नाहीत, हिमालयनची सीट ८०० वर आहे. वजन झेपत नसेल तर हिरोची एक्सपल्स २०० घ्या, खुशाल घ्या.

गाडी बघायला जायच्या आधी मालकाला एवढंच सांगायचं, “मी येईपर्यंत चालू करू नका.” पोचल्यावर पहिलं काम, इंजिनला हात लावायचा. गरम लागलं तर चहा घ्या, तासभर थांबा. गार इंजिन पहिल्या-दुसऱ्या झटक्याला चालू व्हायला हवं. वरून हलकी टिकटिक येते ती टॅपेटची, म्हणजे व्हॉल्व्हच्या फटीची, मिस्त्री अर्ध्या तासात ती जुळवून देतो. खालून ठकठक येत असेल, किंवा रेस केल्यावर सायलेन्सरमधून निळसर धूर दिसला, तर नमस्कार करून निघा.

मग गाडी डबल स्टँडवर घ्या. एकाला मागून दाबायला सांगा, म्हणजे पुढचं चाक अधांतरी होतं. आता दोन बोटांनी हँडल अगदी सावकाश डावीकडून उजवीकडे न्या. मधोमध कुठं खाचेत बसल्यासारखं अडलं, तर कोन सेट, म्हणजे हँडलचं बेअरिंग, गेलाय. खराब रस्त्यावर चाललेल्या गाडीत हे हमखास सापडतं. त्यात घाबरण्यासारखं काही नाही, फक्त वहीत लिहायचं. तसंच चाक हातानं फिरवा आणि लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक अॅक्सलच्या नटावर टेकवून मूठ कानामागच्या हाडाला लावा. चांगलं बेअरिंग वाळू चाळल्यासारखं, एकसारखं सूं करतं. गेलेलं बेअरिंग मधेच खर्र करतं आणि तेवढ्यात हाताला बारीक कंप येतो. माझ्या दुकानात पंधरा वर्षं मी हेच ऐकतोय, पण पहिल्यांदा ऐकणाऱ्यालाही तो फरक कळतो, खात्रीनं सांगतो.

हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून, ते जिथं अडतं ते फ्रेमवरचे स्टॉपर बघा. गाडी जोरात आपटली असेल तर ते चेपलेले किंवा पुन्हा वेल्डिंग केलेले दिसतात. क्रॅश गार्ड नवा बसवता येतो, टाकीही रंगवता येते, पण स्टॉपरकडे कुणाचं लक्ष जात नाही. तिथंच मानेवर चेसिस नंबर कोरलेला असतो, तो आरसीशी अक्षर न अक्षर ताडून घ्या. फोर्कवरचे, म्हणजे पुढच्या शॉकअपवरचे, रबरी बूट वर सरकवून बोट फिरवा, तेल लागलं तर सील गेलं. मागच्या स्प्रॉकेटवरून, म्हणजे दातेरी चक्रावरून, चेन मागं ओढून पाहा, अर्धा दात उघडा पडला तर चेन-स्प्रॉकेटचा अख्खा सेट बदलायचा. टायरवर चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी जुनं टायर कडक झालेलं असतं.

किनाऱ्यावरच्या गाडीला जास्त वेळ द्या. रत्नागिरीची एक देखणी गाडी मी सोडली, कारण स्पोक जिथं रिंगेत शिरतात तिथली प्रत्येक निपल गंजून फुगली होती. स्पॅनरनं ठोकल्यावर निम्मे स्पोक बद्द वाजले.

किलोमीटरवर डोळे झाकून विश्वास नको. सर्व्हिसच्या पावत्या मागा, प्रत्येक पावतीवर तारीख आणि किलोमीटर असतात. बारा हजार दाखवणाऱ्या गाडीचं ब्रेक पेडल आणि फूटरेस्टचं रबर झिजून गुळगुळीत झालं असेल, तर आकडा खोटा आहे.

कागदांबाबत मी एकदा होरपळलोय. २०१४ ला घेतलेल्या गाडीच्या आरसीवर बँकेचा बोजा होता. “कर्ज फिटलंय, कागद येईल,” असं विकणारा म्हणाला आणि मी सगळे पैसे देऊन मोकळा झालो. बँकेचा दाखला यायला पाच महिने लागले, तोवर गाडी माझ्या दारात आणि नाव त्याचं. म्हणून सांगतो, नंबर घेऊन परिवहनच्या अॅपवर बोजा, विमा, पीयूसी आधी बघा आणि ई-चलन वेगळं तपासा. बोजा असेल तर बँकेची एनओसी (ना हरकत दाखला) आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नका. नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३० लागतात. परराज्यातली गाडी स्वस्त दिसते, पण तिची एनओसी आणि इथला रोड टॅक्स धरून हिशोब करा, मग बहुतेक वेळा फरक उरत नाही.

आता भाव. सातवी गाडी सांगलीच्या एका प्राध्यापकांची होती. २०१९ ची, ३१ हजार किलोमीटर चाललेली, पावत्यांची फाईल अंकलिपीसारखी नीट लावलेली. मागणी १,४८,००० रुपये. मी वही त्यांच्यापुढं ठेवली: मागचं टायर ४,३००, चेन-स्प्रॉकेट ४,२००, कोन सेट मजुरीसह २,१००, पुढचे ब्रेक पॅड ९००, ऑइल-फिल्टर आणि सर्व्हिस २,५००. बेरीज १४,०००. म्हटलं, “सर, गाडी तुम्ही जिवापाड सांभाळलीय. हे एवढं काम मला लगेच करावं लागेल, तेवढं कमी करा.” त्यांनी प्रत्येक ओळ वाचली, स्वतः हँडल फिरवून ती खाच पाहिली आणि मान डोलावली. १,३४,००० वरून शेवटी १,३०,००० ला मिटलं. साइड बॉक्सचे वेगळे पैसे ते मागत नव्हते, तरी मी मूळ सायलेन्सर, दुसरी किल्ली आणि सर्व्हिस बुक आठवणीनं मागून घेतलं.

पैसे बँकेतूनच द्या आणि दिल्या-घेतल्याची तारीख-वेळ कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्या, म्हणजे त्या वेळेआधीचं चलन कुणाचं यावर वाद होत नाही. विमा कंपनीला चौदा दिवसांत कळवून पॉलिसी आपल्या नावावर करा. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस त्याच्याकडेच राहतो, त्यामुळे थोडा फरक भरावा लागतो. तो आकडाही वहीत आधीच लिहून ठेवा.